उसनं माहेर

एप्रिलातल्या त्या सकाळी हॉलंडमधल्या फेल्डहोवनच्या घरात सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. श्रीहर्ष जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली पट्ट्यापट्ट्यांची विजार. टाळेबंदी लागल्यापासून ऑफिस घरात आलं होतं आणि घर ऑफिसच्या धाकात गेलं होतं. शामलाबाई ओट्यापाशी मेथी निवडत होत्या, तीसुद्धा आवाज न करता. वरच्या खोलीत त्यांची सून हिमानी गात होती.

शामलाबाई सबनीस सत्तरी ओलांडलेल्या. नवरा, शशिकांत, गेल्यापासून संगमनेरला एकट्याच राहायच्या. नातीचे लाड पुरवावेत आणि पाडव्याला परतावं या बेतानं मुलाकडे आल्या, तेवढ्यात विमानंच बंद झाली. पाहुण्या म्हणून आलेल्या बाईला पाहुण्यांपासून लपवायच्या गोष्टी दिसू लागतात, तसं त्यांचं झालं. पहिल्या आठवड्यात त्यांनी हिमानीच्या कानामागे निळं पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात ते कसं होतं ते पाहिलं.

आणि तरी ती गात होती. खेकड्याचं गाणं. खेकडा ओढ्यातून तिरका तिरका चालतो, त्याला धरायला गेलेला मामा पाण्यात पडतो, असं काहीतरी. शामलाबाईंचे हात मेथीवर थांबले. हे गाणं त्यांना चाळीस-एक वर्षांपासून पाठ होतं. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या ठाकरवाडीवर त्यांची बालवाडी होती. समाजमंदिराची एक खोली, कोपऱ्यात सुकडीचं पोतं, आणि सकाळी दवातून अनवाणी येणारी पोरं. त्या पोरांनीच बाईंना हे गाणं शिकवलं. पुढे त्याच खोलीत बुधा मेंगाळची हौसा येऊ लागली. नाकाला शेंबूड, पण आवाज असा की बाकीची पोरं आपलं गाणं थांबवून ऐकायची. आश्रमशाळा, वसतिगृह, पुण्यात डीएड असं करत ती पोर शिकली, आणि बाईंच्याच इंजिनियर मुलानं तिला पसंत केलं.

आपल्याकडच्या सुधारलेल्या घरांत एक रीत आहे. मुलानं जातीबाहेरची, त्यातही डोंगरातली मुलगी आणली की आधी रडारड होते, मग अबोला, आणि मग एखादं शहाणं माणूस तोडगा काढतं. कुठलंसं मातब्बर घराणं त्या मुलीला लेक मानतं, कन्यादान तेच करतात, पत्रिकेवर त्यांचंच नाव छापतात. मुलगी एका मांडवात जात बदलून बाहेर पडते. इथे शहाणं माणूस म्हणजे शामलाबाईंचे भाऊ, राजनमामा. त्यांनी आपल्या ओळखीतले देशमुख गाठले. तांदळात नाव कोरून हौसाची हिमानी झाली. सगळ्यांनी शामलाबाईंच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. तिचा खरा बाप नवी टोपी घालून कार्यालयात शेवटच्या रांगेत बसला होता. पंगत बसली तेव्हा त्याला वाढपी समजून कुणीतरी त्याच्या हातात पाण्याचा जग दिला, आणि तो माणूस मुकाट्यानं लेकीच्या लग्नात पाणी वाढत राहिला.

ते उसनं माहेर हिमानीबरोबर हॉलंडलाही आलं. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं, "माहेरच्या कोण तुम्ही?" की श्रीहर्षच उत्तर द्यायचा, "देशमुख." ती फक्त हसायची.

इथे येऊन ती डच शिकली आणि डेकेअरमध्ये शिकाऊ शिक्षिका झाली. काही दिवस मुलांच्या गटावर काम, बाकीचे दिवस वर्ग. श्रीहर्षच्या भाषेत, "लोकांच्या पोरांचं शी-शू." आता डेकेअर बंद होतं, फक्त डॉक्टर-नर्सांच्या मुलांसाठी एक खोली उघडी होती. घरी अडकलेल्या मुलांसाठी प्रत्येक शिक्षिकेनं गाण्याचा व्हिडिओ पालकांच्या अ‍ॅपवर टाकायचा होता. तिथली प्रमुख मारलेन. तिची आजी सुरिनामच्या जंगलातली आदिवासी. तीच हिमानीला म्हणाली होती, "तुझी आजी ज्या भाषेत गायची त्या भाषेत गा. मी या कामात आले तेव्हा मला असं कुणी म्हटलं नाही. मी माझ्या आजीला वीस वर्षं लपवलं."

हिमानीनं सकाळी वरच्या खोलीत केलेल्या व्हिडिओत आधी डचमध्ये चार वाक्यं सांगितली. मी हौसा. माझी माणसं ठाकर. आम्ही डोंगरात राहतो, सगळ्यांच्या आधीपासून. आता गाणं ऐका.

हे दुपारी अ‍ॅपवर चढलं. त्या डेकेअरमध्ये नीलिमा आणि रुचिर या मराठी जोडप्याचा निहारही जात होता. रुचिर श्रीहर्षचा टीम लीड. नीलिमानं व्हिडिओ पाहिला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "किती गोड गं हिमानी. फॅन्सी ड्रेस आहे का हा? तू तर देशमुखांची ना?" आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

चहाच्या वेळी श्रीहर्षची मीटिंग चालू होती. काम संपलं, गोरे लोक निघून गेले, मागे मराठी मंडळी उरली. लॅपटॉपमधून रुचिरचा आवाज शामलाबाईंना स्वच्छ ऐकू आला.

"काय सबनीस, सासुरवाडी डोंगरात निघाली की तुमची. आम्ही आपले देशमुखी थाटाच्या गोष्टी ऐकत होतो."

कुणीतरी फिसकन हसलं. दुसरा एक आवाज म्हणाला, "मग व्हिसा कुठल्या कोट्यातून झाला, विचार की त्याला."

श्रीहर्षही हसला. "चालू द्या तुमचं," म्हणाला. मग लॅपटॉप अगदी हळू मिटला, जसा तो कधीच मिटत नसे.

"हिमानी, खाली ये जरा."

ती ओल्या हातांनी आली. नुकतीच लेकीला, संहिताला, आंघोळ घातली होती.

"अ‍ॅपवर नाव काय सांगितलंस तुझं?"

"हौसा. मुलांना खोटं नाव कसं सांगू?"

पहिली थप्पड बसली तशी ती फ्रिजवर आदळली. वरचे चुंबक खाली सांडले. दुसऱ्या वेळी त्यानं केस धरले आणि डोकं ओट्याच्या कडेवर आणलं. भुवईवरून रक्त फुटलं आणि निवडलेल्या मेथीवर पडलं. तो ओरडत नव्हता. दात आवळून, शेजारी ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलत होता. "माझ्या परमिटवर राहतेस. एक मेल टाकला तर वाडीवर जाशील खेकडे धरत. दहा वर्षं घासून घासून माणसात आणली." ती सुटून जिन्याखालच्या कपाटात शिरायला गेली आणि चौकट धरून उभी राहिली. त्यानं दार लावलं. तिचा हात चौकटीत आहे हे पाहून लावलं. हाड मोडल्याचा आवाज फार मोठा नसतो. ओली काटकी मोडावी तेवढाच.

"हर्ष, पुरे झालं," शामलाबाई म्हणाल्या. आणि पलीकडच्या बागेत शेजारचे म्हातारे यान गुलाब छाटताना दिसले म्हणून त्यांनी मोरीवरची खिडकी लावून घेतली.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. श्रीहर्षनं तिचं रक्त पुसलं, बर्फ आणला, गाडी काढली. दारात वळून म्हणाला, "सायकलवरून पडली. इथे रोज कोणी ना कोणी पडतंच. आई, कुणाचा फोन आला तर हेच. संहिता, मम्मा कशी पडली?"

नात आजीच्या पदरात शिरली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण ती उत्तर डचमधूनच द्यायची. तेव्हा तिनं कुठल्याच भाषेतून दिलं नाही. श्रीहर्ष खाली वाकला आणि डचमधलं वाक्य तिच्याकडून पाठ करून घेतलं. गोड आवाजात. बाराखडी घोटून घ्यावी तसं.

हॉस्पिटलात कोरोनामुळे एकाच माणसाला बरोबर सोडत. तोच गेला. हिमानीला डच त्याच्याहून चांगलं येत असून तोच बोलला. हात प्लास्टरमध्ये घालून घरी आणली, आणि जाताना तिच्या खिशात असलेला फोन येताना त्याच्या खिशात होता.

त्यानंतरचे दिवस बाहेरून फार सुंदर होते. पाऊस नाही, विमानांचा आवाज नाही, ट्युलिप रांगेनं उभे. आत मारायला कारण लागेनासं झालं. भाजीत मीठ कमी, मंडळाच्या ग्रुपवरची शांतता, रुचिरनं मीटिंगला न बोलावणं, सगळ्याचा हिशेब तिच्या अंगावर चुकता व्हायचा. एकदा कढत चहा तिच्या मांडीवर ओतला आणि "धक्का लागला" म्हणाला. शामलाबाई जखमांना कोरफडीचा गर लावायच्या आणि जपाला बसायच्या.

एका दुपारी मारलेन सायकलवरून आली. दारापासून दीड मीटर दूर, नियमानुसार, उभी राहिली. उंच, रुंद चेहऱ्याची, पांढऱ्या वेण्यांची बाई. श्रीहर्ष पुढे झाला. इंग्रजीत, हसून म्हणाला, "हिमानीनं काम सोडायचं ठरवलंय. माझी आई म्हातारी आहे, घरात विषाणू नको."

मारलेननं त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "हे हिमानीनं मला सांगितलेलं नाही."

"ती सायकलवरून पडली. टाइप करता येत नाही."

"हिमानी," मारलेन म्हणाली, "अकरा मेला आपण उघडतोय. परीक्षक तुला मुलांबरोबर पाहणार, मग तू पक्की. एका हातानंही गाता येतं. येशील?"

हिमानी मागच्या अंधारातून म्हणाली, "येईन."

दार लागलं. त्या दिवशी त्यानं तिला पोटात लाथा घातल्या, प्लास्टरच्या हातावर पाय देऊन. शामलाबाई मध्ये पडल्या तर त्यांनाही ढकललं. त्या सोफ्यावर बसल्यासारख्या पडल्या आणि पडूनच राहिल्या.

"बाई," हिमानी जमिनीवरून म्हणाली. आई नव्हे. वाडीवरची पोरं हाक मारायची तशी. "बाई, पोरीला वर न्या."

त्या पोरीला घेऊन वर गेल्या. खोलीचं दार आतून लावून त्याला टेकून बसल्या. संहिता खेळायला लागली, मुलं कशाही नंतर लागतात तशी. तिनं अस्वल, ससा, कापडी बाहुली भिंतीशी ओळीनं बसवली. ती शिक्षिका झाली होती. अस्वलाचा हात तिनं मागे पिरगळला, शिवण उसवेपर्यंत. मग त्याच्या तोंडापाशी कान नेऊन विचारलं, आणि अस्वलाच्या आवाजात स्वतःच उत्तर दिलं. डचमध्ये. शामलाबाईंना डच येत नव्हतं, पण ते एक वाक्य आता घरात सगळ्यांना येत होतं. सायकलवरून पडलो. ससा चुकला. त्याला तिनं आपटलं आणि पुन्हा विचारलं. बाहुलीनं पहिल्याच खेपेला बरोबर सांगितलं, तिला पापा मिळाला.

शामलाबाईंनी सबंध आयुष्य मुलांचं घर-घर पाहण्यात घालवलं होतं. कुणाच्या घरात दारू आहे, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांना आई-बापांच्या आधी त्या खेळातून कळायचं. मग त्या डोंगर चढून त्या घरी जायच्या, पाटलालाही भ्यायच्या नाहीत. आणि इथे, स्वतःच्या नातीच्या वर्गात, खोटं शिकवणाऱ्यांत त्यांचं नाव होतं. त्यांनी सशाला उचललं, मांडीवर घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "हा सायकलवरून पडला नाही. याला मारलं."

संहितानं त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "श्श. आजी, बाबा ऐकेल."

अकरा मे उजाडला. हिमानीनं एका हातानं वेणी घातली, शामलाबाईंनी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. ती खाली उतरली तेव्हा श्रीहर्ष दारात उभा होता. हातात सायकलची साखळी होती, हॉलंडात चोरांसाठी घेतात ती मनगटाएवढी जाड, टोकाला कुलूप.

"कुठे?"

"कामाला."

"तुला वाटतं तिथे तुझी आरती ओवाळतील? शोपीस आहेस त्यांचं. बघा, आमच्याकडे जंगलातली पण आहे."

"असू दे," हिमानी म्हणाली. "तिथं मला नाव विचारतात."

कुलपाचा पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा गालावर. दात फरशीवर पडल्याचं शामलाबाईंनी ऐकलं. ती गुडघ्यांवर आली, प्लास्टरचा हात डोक्यावर धरला, आणि तो त्या हातावर मारत राहिला, प्लास्टरचे तुकडे उडेपर्यंत. चेहरा शांत होता त्याचा. चुकीचा सुटा भाग ठोकून बसवावा तसा.

शामलाबाई मोरीवरच्या खिडकीकडे गेल्या नाहीत. त्यांनी पुढच्या खोलीतला पडदा दांड्यासकट ओढून खाली पाडला. या गल्लीत सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात, फक्त सबनिसांच्या झाकलेल्या. उजेड थेट जिन्यापर्यंत गेला. मग मागच्या दारानं, मोज्यांवरच, त्या रस्त्यावर आल्या आणि वाडीवर पोरांना हाक मारायच्या त्या आवाजात ओरडल्या. डोंगराच्या या कडेवरून त्या कडेला जाणारा आवाज होता तो. "पोलीस. माय सन. किलिंग. पोलीस." यान हातातली झारी टाकून धावले. समोरच्या दारातून एक तरुण बाई फोन कानाला लावून बाहेर आली. खिडकीतून सगळ्यांना दिसत होतं. आणि आपण दिसतोय हे कळताच श्रीहर्षचा हात खाली आला. मार थांबवायला एवढंच लागत होतं.

पोलीस आले तेव्हा त्यानं साखळी कोपऱ्यात ठेवून शर्ट नीट केला होता. "जिन्यावरून घसरली," तो म्हणाला. "आई, सांग ना त्यांना."

"नाही घसरली," शामलाबाई म्हणाल्या, आणि हातानं साखळी दाखवली.

त्याला घेऊन गेले. जाताना त्यानं मागे वळून, लहानपणी पडला की पाहायचा तसं, आईकडे पाहिलं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी राजनमामांचा फोन आला. "ताई, काय ऐकतोय मी? अगं, नवरा-बायकोत होतं. मायदेशी न्यायला सरकारी विमानं सुटताहेत, नाव नोंदवतो. तू इथे आलीस की साक्षीला कोण ओढणार तुला?"

"मला कुणी ओढत नाहीये, राजन."

"घराण्याचं नाव—"

"ते तू छापतोस पत्रिकेवर. मला नको." त्यांनी फोन ठेवला.

श्रीहर्षला घरात पाऊल टाकायची बंदी झाली, मग कोठडी. मारलेननं एक वकीलबाई आणली. नवऱ्यानं छळ केलेल्या बाईला इथे नवऱ्याच्या परमिटशिवाय, स्वतःच्या नावावर राहता येतं, हे हॉलंडमधल्या पाच वर्षांत हिमानीला पहिल्यांदा कळलं.

जूनमध्ये तिची परीक्षा झाली. पालकांना आत सोडत नव्हते, मुलं फाटकाशी सोडायची. शामलाबाई संहिताला घेऊन उभ्या होत्या. दीड मीटरवर नीलिमा, निहारचा हात धरून. निहारनं हात सोडवला आणि आत पळाला.

"काकू," नीलिमा हळू आवाजात म्हणाली, "मी गंमत म्हणून टाकलं होतं हो. मला काय माहीत."

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

"पण पोलिसात… आईनं असं करायला नको होतं, असं सगळे म्हणतात. रुचिर म्हणतो, करिअर संपलं त्याचं."

शामलाबाई फाटकातून आत पाहू लागल्या. अंगणात हिमानी मुलांच्या मध्ये जमिनीवर बसली होती. गालावर शिवण, पुढचे दोन दात नाहीत, हात अजून वाकडा. परीक्षक बाई कडेला बाकावर. निहार थेट हिमानीसमोर जाऊन बसला आणि तिच्या गालावर बोट ठेवलं.

"हे काय?" मराठीत विचारलं त्यानं.

"मला मारलं."

"कुणी?"

"संहिताच्या बाबानं."

"का?"

हिमानीनं जरा विचार केला. मुलांना थापा मारायच्या नाहीत, हे तिच्या शिक्षणातलं पहिलं. "मी माझं नाव सांगितलं म्हणून."

निहारला ते पटलं नाही. त्यानं भुवया गोळा केल्या. "नाव सांगितलं की मारत नसतात," तो म्हणाला, आणि तिच्या मांडीवर चढून बसला. परीक्षक बाईंनी मारलेनला विचारलं की मुलगा काय म्हणतोय. मारलेनला मराठी येत नव्हतं. ती फक्त म्हणाली, "पाहताय ना तुम्ही?" हिमानी पास झाली.

नीलिमा फाटकाची कडी धरून उभी होती. तिला निघायचं सुचत नव्हतं. शामलाबाईंना मात्र थांबता येणार नव्हतं. यान गाडी घेऊन आले होते, शेजारच्या आइंडहोवनच्या पोलीस ठाण्यात जबानीसाठी अकराची वेळ दिली होती.

तिथे टेबलावर काचेचा पडदा होता. अधिकारी तरुण मुलगी होती. मराठी दुभाषा मिळाला नव्हता; फोनवरून रॉटरडॅमची एक बाई हिंदीत सांगत होती. "माँजी, आधी एक गोष्ट. हा देश आईला मुलाविरुद्ध बोलायला लावत नाही. तुम्हाला गप्प राहायची मुभा आहे. कुणी तुम्हाला दोष देणार नाही."

शामलाबाईंनी ते पुन्हा सांगायला लावलं. नीट ऐकलं. पाण्याचा एक घोट घेतला.

"ती मुभा मला आमच्याकडेही होती," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, लिहायला घे."

"मारणाऱ्याचं नाव?"

"श्रीहर्ष शशिकांत सबनीस."

"तुमचं नातं?"

"मी त्याची आई."